ॲव्हरिलची वाट

आमोस लेथाबीने मरायला साफ नकार दिला होता.

डॉक्टर येऊन छातीला नळी लावून गेला तेव्हा म्हणाला होता, पानं गळेपर्यंत काढेल म्हातारा. पानं गळली. बर्फ पडलं, वितळलं, मेंढ्या व्यायला लागल्या, तरी आमोस आपला खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसलेला आणि डोळे समोरच्या माळावर लावलेले. डॉक्टरने हात टेकले. आमोसची लेक केझाया मात्र पक्कं ओळखून होती, की हे औषधाचं काम नव्हे, हा हट्ट आहे.

"मरायचं कसं ते मला कळतं," तो तिला म्हणायचा. "न्यायचं कुठून ते तुम्ही आधी ठरवा."

आमचं स्लेडकोम दरीच्या तळाशी, आणि खाली सगळा खडक. हातभर खणलं की पहार ठणकन वाजते. म्हणून गावात प्रार्थनेचं घर आहे, पण पुरायला जागा नाही. माणूस गेलं की त्याला खांद्यावर घेऊन माळ ओलांडायचा आणि पलीकडे अर्लस्टोच्या चर्चच्या आवारात आपापल्या माणसांशेजारी ठेवायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या वाटेला गावात खांदेवाट म्हणतात. चढ छाती फोडणारा, म्हणून मध्ये मध्ये सपाट दगड मांडलेले. पेटी दगडावर टेकवायची, दम खायचा, खांदेकरी बदलायचे, पुढे निघायचं. गाडीत घालून नेतात ते बेवारशाला. 'जा, तुला गाडीच मिळेल,' अशी इथे भांडणातली शिवी आहे.

आणि ती वाट आता कुलपात होती. क्राउदर नावाच्या उत्तरेकडच्या कुणा गिरणीवाल्याने सगळा माळ शिकारीसाठी विकत घेतला. रानकोंबड्यांना माणसांचा त्रास नको म्हणून त्याने भिंत घातली, वाटेच्या तोंडाशी फाटक बसवलं आणि फाटकाला हे एवढं कुलूप ठोकलं. गावकरी विचारायला गेले तर त्याचा कारभारी म्हणाला, "दरीतून गाडीरस्ता आहे की. जरा लांब पडतो, पण मेलेल्याला कसली आलीय घाई?"

मेल्याच्या जिभेला काही हाड? पण कोर्टकचेऱ्या करायचा दम कुणात होता!

आता आमोसच्या हट्टाचं कारण ऐका. आमच्याकडे असं मानतात, की जिथून मढं जातं ती वाट कुणाच्या बापाला अडवता येत नाही. पण एकदा का गावातलं मढं दुसऱ्या रस्त्याने गेलं, की जुनी वाट मेली. मग ती कायमचीच मेली. अर्लस्टोचे तरुण पाद्री हे ऐकून हसले होते. कायद्यात असं काही नाही हो आमोस, म्हणाले. आमोस त्यांना म्हणाला, "कायदा कुणाला खांदा द्यायला येतो का?" देवाची दया एवढीच, की फाटक लागल्यापासून गावात कुणी गेलं नव्हतं. पण जो पहिला जाईल तो गाडीरस्त्याने जाईल आणि सगळ्या गावाची वाट मारून जाईल. आमोसची आई त्या वाटेने गेली होती, बायको गेली होती. ती वाट मारणारा पहिला माणूस आपण व्हायचं, या विचाराने म्हाताऱ्याचा जीव कुडीत अडकून बसला होता.

एकट्या त्याचाच नव्हे. ओढ्यापलीकडे जेबेझ हक्सटेबल राहायचा. आमोसच्याच वयाचा, त्याच्याइतकाच खोकणारा, आणि कोवळ्या वयापासूनचा त्याचा वैरी. वैर कशावरून ते दोघांनाही आठवत नव्हतं, म्हणून मिटवायची सोय नव्हती. केझाया अंडी द्यायला तिकडे जायची, तेव्हा निरोपांची ने-आण तिच्याच गळ्यात.

"त्या जेब्याला सांग," आमोस म्हणायचा, "माझ्या आधी टपकलास तर याद राख. गावाची वाट लावशील."

"तुझ्या बापाला म्हणावं," जेबेझ खोकत खोकत म्हणायचा, "मी त्याच्या मयताला वाटतील तो केक खाल्ल्याशिवाय हलत नाही. आणि त्यात मनुका घाल भरपूर. मागे तुझ्या आईच्या वेळी हात आखडला होता तुम्ही."

केझाया दोघांचंही ऐकून घ्यायची आणि परतताना पुलावर जरा उभी राहायची. हसावं की रडावं तिला कळायचं नाही. बापाचा श्वास आता दर आठवड्याला तोकडा होत चालला होता. हट्टाने माणूस किती दिवस तग धरणार? एक दिवस तो हरणार, आणि मग तिलाच गाडी जुंपायला लागणार. तिच्या काळजात त्या गाडीचं चाक घरघरायचं.

या सगळ्यात आणखी एक कटकट होती. नकाशेवाले.

झालं असं होतं, की कुणा पाद्र्याने आमच्या दरीवर एक कादंबरी लिहिली होती. दोनशे वर्षांपूर्वीची यादवी, गिरणीवाल्याची ॲव्हरिल नावाची पोर, सैनिकांशी झुंज, असं काय काय. पुस्तक लंडनला इतकं खपलं की विचारू नका. मग पर्यटकांसाठी 'ॲव्हरिलचा मुलूख' म्हणून मार्गदर्शिका निघाली, तिला घडीचा नकाशा जोडला, आणि उन्हाळा लागला रे लागला की आगगाडीतून उतरून माणसांच्या झुंडी येऊ लागल्या. छत्र्या, गवती टोप्या, हातात उलटा धरलेला नकाशा. नकाशाही असा दिव्य, की ज्याने काढला त्याने दरी स्वप्नातसुद्धा पाहिली नसावी. ॲव्हरिलची गिरणी म्हणून लोक थेट केझायाच्या डुकरांच्या खुराड्यात शिरायचे.

"बाई, ॲव्हरिल इथेच दळायची का?"

"इथे फक्त डुकरीण राहते," केझाया म्हणायची. "तिचं नाव बेट्सी. भेटायचंय?"

पण चहा आणि जाड साय लावलेले पाव तीही विकायची. सगळंच गाव विकत होतं. जेबेझने तर माळ्यावरचा किडका पाळणा खाली आणून 'ॲव्हरिलचा पाळणा' म्हणून अंगणात मांडला होता. एकदा एका बाईंनी त्याला धरलं. अहो आजोबा, कादंबरीत ॲव्हरिलचं लग्नच होत नाही, मूल कुठलं! जेबेझने डोळे पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "म्हणून तर रिकामा आहे, बाईसाहेब."

तर मेंढ्यांच्या त्या हंगामात केझायाकडे एक पाहुणा उतरला. पेनफोल्ड नाव. बारीक, उंच, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि संगतीला दांड्याला लावलेलं लोखंडी चाक. ते चाक ढकलत तो वाटा मोजत हिंडायचा. जुन्या नकाशावर वाचकांच्या इतक्या शिव्या आल्या होत्या, की प्रकाशकाने नवा काढायला याला पाठवलं होतं.

केझायाने पहिल्याच दिवशी त्याला सुनावलं. "म्हणजे ती खुराडं तुडवणारी माणसं तुमचीच तर! आता आणखी आणणार?"

"खुराडं बरोबर दाखवलं तर ती तुडवणार नाहीत, बाई," तो गरिबासारखा म्हणाला. "माझा एकच नियम आहे. जिथे माझे पाय गेले नाहीत ते माझ्या लेखणीने काढायचं नाही."

हे मात्र तिला बरं वाटलं. तिने त्याच्या ताटात डुकराच्या मांसाचा आणखी एक काप टाकला.

पेनफोल्डचं सगळं जुळत आलं होतं, अडलं होतं एकाच ठिकाणी. कादंबरीच्या शेवटी ॲव्हरिल आपल्या मेलेल्या बापाला सैनिकांच्या नाकावर टिच्चून चर्चला नेते. कादंबरीतला हाच भाग वाचून बायका उशा भिजवायच्या. जुन्या नकाशात तो प्रवास गाडीरस्त्यावर दाखवला होता, आणि पुस्तकाशी त्याचा काडीचा मेळ बसत नव्हता. पुस्तकात चढ होता, दगड होते, डाव्या हाताला ओढा होता. गाडीरस्त्यावर यातलं काहीच नाही.

एके दुपारी पाऊस कोसळत होता, बाहेर जायची सोय नव्हती. पेनफोल्ड पुस्तक घेऊन चुलीशी बसला होता. पलंगावरून आमोस म्हणाला, "वाचा की मोठ्याने. सगळं जग वाचतंय, मलाच तेवढं ठाऊक नाही त्यात काय आहे."

पेनफोल्ड वाचू लागला. "पहाटेच्या अंधुक उजेडात चौघांनी पेटी उचलली. हिमात वाट दिसेना, पुढचं माणूस दिसेना. तेव्हा मेलेल्याचा लाडका मेंढा पुढे झाला, आणि त्याच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजामागून ते चालू लागले..."

"थांबा," आमोस म्हणाला.

केझाया पीठ मळत होती. बापाचा आवाज ऐकून तिने मागे पाहिलं. म्हातारा उशांवरून सरळ उठून बसला होता.

"पुढचं मी सांगतो. मेंढा तिसऱ्या दगडाशी थांबला आणि काही केल्या हलेना. कारण तिथे त्याला रोज मीठ मिळायचं. शेवटी कुणीतरी खिशातलं चिमूटभर मीठ दगडावर टाकलं, ते त्याने चाटलं, तेव्हा कुठे पुढे निघाला. आहे का तसं?"

पेनफोल्डने पान उलटलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आहे," तो म्हणाला. "ॲव्हरिल टाकते मीठ. तुम्हाला कसं कळलं?"

"मला कसं कळलं? माझी आई होती ती पेटीत! मेंढा तिचाच. मीठ मी टाकलं होतं, मी!" आमोसने उशीवर मूठ आपटली. "कोण हा तुमचा पाद्री? चष्मेवाला? भिजून चिंब झालेला? आला होता इथे एकदा पावसात. ह्याच चुलीशी बसला, चहा ढोसला, सगळं विचारून घेतलं. मी त्याला माझे कोरडे मोजे दिले घालायला. मोजे नेले ते नेले, माझी आईपण नेली!"

आणि म्हातारा रडायला लागला. केझायाने पिठाच्या हातांनीच त्याला धरलं. बाप रडताना तिने आई गेली तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आजच. पेनफोल्ड बिचारा पुस्तक मिटून खाली मान घालून बसला. मोजे त्यानेच पळवल्यासारखा ओशाळला होता.

थोड्या वेळाने आमोस नाक शिंकरून म्हणाला, "वाचा. नीट उतरवलंय का बघू तरी."

पेनफोल्डने शेवटपर्यंत वाचलं. आमोसने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "चांगलं लिहिलंय मेल्याने."

दुसऱ्या दिवशी उघडीप झाली. पेनफोल्ड केझायाला म्हणाला, "मला ती वाट चालायला हवी." केझाया त्याला फाटकाशी घेऊन गेली, कुलूप दाखवलं, आणि मग भिंतीच्या कडेने नेऊन मेंढ्यांनी पाडलेलं खिंडार दाखवलं. "माझ्या बापाची वाट आहे, म्हणून मी जाणार," ती म्हणाली. "तुम्हाला पकडलं तर मी नाही सांगितलं हं." त्याने आधी चाक पलीकडे टाकलं, मग स्वतःला टाकलं. विजारीचा एक तुकडा भिंतीलाच राहिला. वर क्राउदरचा राखणदार बंदूक घेऊन सामोरा आला, पण चाक बघून त्याला वाटलं सरकारी मोजणीदार आहे. त्याने टोपीला हात लावला आणि वाट सोडली. केझाया पुढच्या वळणापर्यंत हसू दाबून चालली.

तिसऱ्या दगडाशी दोघं दम खायला बसली. डावीकडे खाली ओढा वाजत होता. पेनफोल्डने आजूबाजूला पाहिलं, पुस्तक उघडलं, पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ॲव्हरिलने बापाला टेकवलं ते इथेच."

"साहेब," केझाया म्हणाली, "ॲव्हरिलने कुणालाच कुठे टेकवलं नाही. ॲव्हरिल जन्मलीच नाही. इथे माझी आजी टेकली होती, माझी आई टेकली होती. आणि माझा बाप खाली जीव धरून बसलाय, आपल्यालाही इथेच टेकवतील म्हणून." तिने सगळं सांगितलं. कुलूप, गाडीरस्ता, दोन म्हाताऱ्यांचे निरोप, सगळं. सांगताना ती तोंड फिरवून ओढ्याकडे बघत राहिली, कारण परक्यासमोर रडणं तिला जमत नसे.

पेनफोल्डने चाक दगडाला टेकवून उभं केलं. "वाट मी काढणार," तो म्हणाला. "पाय गेलेत, आता लेखणी जाईल. पण नाव काय घालू? खांदेवाट? तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

"थॉमसिन."

"मग थॉमसिनची वाट घालतो. खरं तेच."

केझायाला क्षणभर मोह झाला. नकाशावर आजीचं नाव, छापील! पण तिने कितीतरी उन्हाळे नकाशेवाल्यांना पाव विकले होते. गिऱ्हाईक कशाला येतं ते तिला कळत होतं.

"नको," ती म्हणाली. "माझ्या आजीला बघायला लंडनहून कोण कशाला येईल? तुम्ही ॲव्हरिलचंच नाव घाला. चांगल्या ठळक अक्षरात घाला. येऊ देत झुंडीच्या झुंडी. किती जणांना अडवतो बघू तो क्राउदर."

घरी आल्यावर मात्र तिला चैन पडेना. बापाला न विचारता तिने त्याच्या आईची वाट ॲव्हरिलच्या नावावर करून टाकली होती. त्याला सांगायचा तिला धीर झाला नाही. पेनफोल्ड निघाला तेव्हाही तिने धड आभार मानले नाहीत, नुसता पावाचा पुडा हातात कोंबला आणि म्हणाली, "विजार शिवून घ्या."

मे महिन्यात टपालाने नवा नकाशा आला. आमोसने तो मांडीवर पसरला. केझाया त्याच्या पाठीशी उभी होती. दरीतून माळावर चढणारी लाल ठिपक्यांची रेघ, आणि तिच्या कडेने टपोऱ्या अक्षरात ॲव्हरिलची वाट. आमोसला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय?"

केझायाने खरं ते सांगितलं. का तसं सांगितलं, तेही सांगितलं. बाप बोट रेघेवरून सरकवत राहिला. रेघेवर जागोजागी बारीक फुल्या होत्या.

"आणि ह्या?"

"दगड आहेत, बाबा. एकूण एक दगड दाखवलाय त्याने."

बोट तिसऱ्या फुलीवर थांबलं. खूप वेळ थांबलं. मग म्हातारा म्हणाला, "त्या पोरीला म्हणावं, आई नीट सांभाळ माझी."

पुढे काय झालं ते गाव अजून चवीने सांगतं. जूनमध्ये नकाशेवाले फाटकाशी जमू लागले. नकाशात वाट आहे आणि समोर कुलूप, हे त्यांना पटेना. राखणदाराने एका टोळीला हाकललं की दुसरी हजर. केझाया मुद्दाम किटली घेऊन तिथेच चहा विकायला बसू लागली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला गोड आवाजात सांगू लागली, "हो बाई, हीच ती वाट. पण साहेबांच्या कोंबड्यांना ॲव्हरिल आवडत नाही." शेवटी क्राउदरची स्वतःची बायको माळावरच्या बंगल्यात राहायला आली, बरोबर तिची लठ्ठशी बहीण आणि बहिणीच्या काखेत मार्गदर्शिका. दोघींनी कादंबरी पाठ केलेली. ॲव्हरिलची वाट आपल्याच मेहुण्याने कुलपात घातली आहे हे कळल्यावर बहीणबाई फाटकाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, कुलूप निघाल्याशिवाय मी जेवायला येणार नाही. त्या जेवण टाळतील यावर कुणाचाच विश्वास नव्हता, पण दुपारपर्यंत टाळलं खरं. क्राउदर गिरणीत हजारो माणसं हाकत असेल, मेहुणीपुढे त्याचं काही चाललं नाही. कुलूप निघालं. पुढे झुलतं फाटक बसलं, कुणीही लोटावं आणि जावं असं.

केझाया धावत घरी आली. धापा टाकत तिने बातमी सांगितली. आमोसने डोळे मिटले, ओठ हलवले. देवाचे आभार मानून झाल्यावर त्याने आणखी एकाचे मानले.

"त्या पाद्र्याला दिलेले मोजे वसूल झाले गं," तो म्हणाला.

ओढ्यापलीकडे निरोप गेला: आता तुझी इच्छा असेल तर खुशाल जा. उलटा निरोप आला: आधी तू, तुझं घर फाटकाला जवळ आहे.

ऑगस्टमध्ये, माळावर जांभळी फुलं भरात आलेली असताना, एका दुपारी आमोस गेला. उसासा सोडावा तसा गेला. केझायाचा हात त्याच्या हातात होता. ती रडली, पण आत कुठेतरी मोकळं वाटलं. काळजातल्या त्या गाडीच्या चाकाची घरघर थांबली होती.

अडचण वेगळीच निघाली. सुगीचे दिवस, धडधाकट माणसं खालच्या शेतांवर कापणीला गेलेली, तरणे बरेचसे कोळशाच्या खाणींवर. खांद्याला जेमतेम सहा माणसं मिळाली, त्यातलीही निम्मी साठीची. जेबेझ गाढवावर बसून मागून निघाला. "सावकाश रे," तो ओरडत होता. "आडमुठा होता, तरी पेटीत अंडी आहेत असं समजा. हलवू नका इतका!"

पहिला दगड झाला, दुसरा झाला. बदलायला माणसंच नव्हती, म्हणून तेच सहा जण पुन्हा पुन्हा खाली वाकत होते. तिसऱ्या चढावर एकाचा गुडघा गेला. केझायाने पेटीचा कोपरा स्वतःच्या खांद्यावर घेतला. बायका खांदा देत नाहीत आमच्याकडे, पण बोलायला कुणाला श्वास उरला होता! तिच्या मनात आलं, वाट उघडली आणि माणसंच संपली, आता बाबांना इथून मागे न्यायचं का?

वळण घेतलं, तर तिसऱ्या दगडावर नकाशेवाले बसलेले. सात-आठ जण, शहरी पोरं आणि दोन बायका. दगडावर नकाशा पसरलेला, त्यावर उकडलेली अंडी. पेटी दिसताच सगळे ताडकन उठले. टोप्या निघाल्या. कुणीतरी घाईघाईने दगड रिकामा केला, नकाशा ओढून घेतला. अंड्यांसाठी आणलेली मिठाची पुडी उलटली आणि मीठ दगडावर सांडलं. ते तसंच राहिलं, आणि आमोसची पेटी त्या मिठावर टेकली.

केझाया त्या मिठाकडे पाहत राहिली.

चष्मेवाला एक पोरगा पुढे आला. "बाई, राग मानू नका," तो अडखळत म्हणाला. "कुणाला न्यायचंय ते आम्हाला माहीत नाही. पण आम्ही खांदा दिला तर चालेल का?"

या लोकांनी तिची खुराडी तुडवली होती, कुंपणं मोडली होती. 'टोळधाड' याखेरीज दुसरा शब्द तिने त्यांच्यासाठी कधी वापरला नव्हता. आता तिला भडभडून आलं.

"चालेल की रे, लेकरा," ती म्हणाली. "उपकार होतील."

त्यांनी खांदे लावले. कुणी उंच, कुणी बुटका, पेटी एका बाजूला कलली. गाढवावरून जेबेझ कडाडला, "पाय मिळवा रे! नकाशा वाचता येतो आणि पाय टाकता येत नाहीत? डावा, डावा!" आणि चष्मेवाल्यासकट सगळे शहाण्या पोरांसारखे पाय मिळवून चालू लागले. प्रत्येक दगडाशी नवे खांदे पुढे येत होते, कारण वाटेवर पुढेही नकाशेवाले होते, आणि जो भेटेल तो टोपी काढून बरोबर निघत होता. स्लेडकोममध्ये इतके खांदे कुठल्याच मयताला मिळाले नव्हते. जेबेझने ते मोठ्याने बोलून दाखवलं, आणि मग तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. या वेळी खरेच पुसले.

पाद्र्यांनी प्रार्थना म्हटली. आमोस आईच्या आणि बायकोच्या शेजारी गेला. केझायाने एकेका पोराचा हात हातात घेऊन आभार मानले, आणि मनातल्या मनात एका लांब, बारीक, फाटक्या विजारीच्या माणसाचेही मानले, जे तेव्हा राहिले होते.

परतताना ती एकटीच मागे रेंगाळली. तिसऱ्या दगडाशी ऊन कलतं झालं होतं. तिथे कुणी म्हातारीशी शहरी बाई उभी होती, हातात नकाशा, श्वास लागलेला. फुलीवर बोट ठेवून तिने केझायाला विचारलं, "का हो, ॲव्हरिलने आपल्या बापाला टेकवलं, तो दगड हाच का?"

दगडावर अजून थोडं मीठ होतं. केझायाने त्यावरून हात फिरवला.

"हो, बाई," ती म्हणाली. "हाच. बसा थोडं, दम खा."